कापसावर दिलेली स्वेटरं

मागच्या महिन्यात एका लग्नात जेवणाच्या रांगेत माझ्यापुढे आमच्या गावातल्या कापड दुकानदाराचा पुतण्या उभा होता. हातात प्लेट, प्लेटमध्ये जिलब्यांचा ढीग आणि तोंडात भाषण. बाहेरगावच्या कोणा पाहुण्याला तो सांगत होता, "आपल्या गावानं कधी कोणाले परकं मानलं नाई. ते स्वेटरवाले तिबेटी यायचे ना, काय मिसळून गेलते आपल्यात!" मी माझी प्लेट टेबलावर ठेवून दिली. हातात राहिली असती तर त्याच्या अंगावर गेली असती. घरी आल्यावर नवऱ्यानं विचारलं, "जेवली काहून नाईस?" मी म्हटलं, मले लिहाचं हाय.

गाव यवतमाळ जिल्ह्यातलं, तालुक्याचं. नाव सांगत नाही. सांगितलं तर उद्या कोणीतरी उठेल आणि म्हणेल, गावाची बदनामी केली. बदनामी करायला गावानं माझ्यासाठी काही शिल्लक ठेवलेलं नाही.

आम्ही पिंजारी. कापूस पिंजून गाद्या आणि रजया भरणं हा आमच्या घरचा धंदा, अब्बांच्या आजोबांपासून त्याच गल्लीत, त्याच ओट्यावर. पुढे दुकान, मागे घर. दुकानात सरकी काढायचा छोटा रेचा आणि पिंजायचं मशीन. मशीन सुरू झालं की घरभर पांढरं उडायचं. भाजीत, चहात, माझ्या कॉलेजच्या पुस्तकांत. अब्बांच्या दाढीत तर ते कायमच असायचं, त्यामुळे त्यांची दाढी खरी पिकली केव्हा ते आम्हाला कळलंच नाही. गावातल्या अर्ध्या लोकांच्या आजोबांनी माझ्या पणजोबांनी भरलेल्या गादीवर जीव सोडला असेल.

दिवाळी झाली की बाजाराच्या मैदानावर तिबेटी लोकांची स्वेटरची दुकानं लागायची. बांबू, वर निळी ताडपत्री आणि आत रंगांची नुसती गर्दी. गाव त्यांना नेपाळी म्हणायचं. कोणी दुरुस्त केलं तर म्हणायचं, एकच ते. त्यांच्यातली एक बाई दर हिवाळ्यात आमच्या घराची बाजूची खोली भाड्यानं घ्यायची. अम्मी तिला बहन म्हणायची, म्हणून ती आमची खाला, म्हणजे मावशी. चेहरा उन्हानं रापलेला, गाल लाल, कमरेला पट्ट्यापट्ट्यांचा एप्रन. रोज सकाळी ती खिडकीत पाण्याच्या छोट्या वाट्या मांडायची आणि संध्याकाळी ते पाणी आमच्या कढीपत्त्याला घालायची. अम्मीचा कढीपत्ता हिवाळ्यात असा काही फोफावायचा की अम्मी म्हणायची, बहनचा देव झाडाले मानवते.

खालाचे आईबाप डोंगर ओलांडून आले होते. ती स्वतः नव्हती आली. ती कर्नाटकात जन्मली, तिथल्या त्यांच्या वसाहतीत मका पेरायची, आणि मका घरात आला की लुधियान्याहून माल उचलून आमच्याकडे यायची. म्हणजे तीही शेतकरीच. पण गावात पाऊल ठेवल्यावर पहिल्या दिवशी तिला पोलीस ठाण्यात जाऊन आपला कागद दाखवावा लागायचा. तू इथं राहू शकतेस, पण इथली नाहीस, एवढंच त्या कागदावर लिहिलेलं होतं. त्या दिवशी ती धुतलेला एप्रन घालायची आणि केस पाण्यानं चापून बसवायची. मी एकदा विचारलं, इतकं काय नटायचं? म्हणाली, "साफ दिखना पडता है, बेटा."

खरं म्हणजे तिच्यावर चिडायचा हक्क गावात कोणाला असेल तर तो आम्हाला होता. थंडीचा धंदा आमचा. रजईऐवजी लोक तिच्याकडून ब्लँकेट घेऊ लागले तर आमचं काय? अब्बांना मी हे विचारलं, तर ते मशीनवरून नजर न काढता म्हणाले, "स्वेटर घालून मानूस रजईतच झोपते नं?" विषय संपला. कापडवाल्यांचा मात्र संपायचा नाही. तिबेटी दुकानांवर एकच भाव असायचा, घासाघीस नाही. आमच्याकडच्या बायांना आधी ते अपमानासारखं वाटायचं, मग बरं वाटायला लागलं, कारण तिथं कोणी आपल्याला फसवलं का याचा विचार करत घरी जावं लागत नसे. कापडवाल्यांच्या पोटात दुखायचं ते यामुळे.

मग ती कापसाची वाईट वर्षं आली. त्यावर लोकांनी पुष्कळ लिहिलंय, मी फक्त बाजाराचं सांगते. कापूस शेतात फुटलेला, पण त्याला भाव नाही, आणि खरेदी केंद्रावर घातला तर पैसे कधी हातात येतील ते कोणी सांगेना. शेतकऱ्याकडे रोकड नाही म्हणून वेचणीच्या बायांना मजुरीत कापूसच मिळायला लागला. बाजाराच्या दिवशी घाटंजीकडच्या खेड्यांतून बाया यायच्या त्या डोक्यावर गाठोडी घेऊन. किराणा दुकानात कापूस टाकायचा आणि तेल-मिरची घ्यायची. याला आमच्याकडे कापसावर घेणं म्हणतात. ही रीत जुनीच. लहानपणी आम्हीसुद्धा मूठभर कापसावर लेमनच्या गोळ्या आणल्यात.

आणि किराणावाले, कापडवाले, भांडीवाले सगळे घ्यायचे. हातानं तोलून, डोळ्यांनी मोजून, बाईच्या तोंडाकडे न बघता. दुकानाच्या मागच्या खोलीत एक पोतं असायचं, कापूस त्यात जायचा. पोतं भरलं की ते आमच्याकडे यायचं. अब्बा ते घ्यायचे. म्हणून मला माहीत आहे कोणाकोणाच्या मागच्या खोलीत पोतं होतं ते. सगळ्यांच्या.

त्यातल्या एका हिवाळ्यात खालाच्या दुकानावर माशासुद्धा फिरकत नव्हत्या. ती सकाळी माल झटकायची, संध्याकाळी घडी घालायची. अम्मी दुपारी चहा घेऊन तिच्याजवळ जाऊन बसायची. एका बाजाराच्या दिवशी मीही होते. एक मजूर बाई आली, काखेत लहान पोरगी, पोरीच्या नाकाला शेंबूड, अंगात नुसता फ्रॉक. बाईनं एका लाल स्वेटरला हात लावला, भाव ऐकला, हात काढला. मग म्हणाली, "कापसावर देता काय?"

खालाला कळलं नाही. तिनं अम्मीकडे पाहिलं.

"घे नं, बहन," अम्मी म्हणाली. "इथं सबच घेते. आमच्या घरी आणून टाकजो, हे इकत घेतीन."

खाला विचारात पडली. कापूस घ्यायला तिची हरकत नव्हती. तिची अडचण निराळीच होती. कापसाचा एकच भाव कसा करायचा? एकीकडून जास्त घेतला, दुसरीकडून कमी, तर तिच्या माणसांत ते चालणार नव्हतं. शेवटी तिनं आपली आंघोळीची बादली आणली. बादली दाबून भरली की लहान पोराचं स्वेटर, दोन भरल्या की मोठ्या माणसाचं. सगळ्यांना तेच माप. त्या बाईनं बादली भरली, वर दोन बोंडं उरली, खालानं ती परत तिच्या ओटीत टाकली. बाई त्या दोन बोंडांकडे बघतच राहिली. गावात तिला आजवर कोणी उरलेलं परत दिलं नसावं.

पुढच्या बाजाराला तिच्या दुकानापुढे बायांची रांग होती. इकडे झरी जामणीकडून पाहुण्या आलेल्या दोघी, तिकडे बौद्ध वस्तीतल्या चौघी, सगळ्या बादलीवर लक्ष ठेवून. खाला आमचे शब्द वापरायला शिकली होती. "दाबून भर वं बाई," असं ती म्हणायची आणि रांग हसायची. तिचं दुकान चाललं, अब्बांचं मशीन चाललं, खेड्यांतली पोरं थंडीत लाल-निळी दिसायला लागली. मी खोटं बोलत नाही, त्या वाईट वर्षातले आमच्या घरचे ते चांगले दिवस होते.

चूक एकच झाली, आणि ती बाहेरून आलेल्या माणसाच्याच हातून होऊ शकते. तिनं कापसाचा ढीग दुकानाच्या पुढे लावला. भर बाजारात, ताडपत्रीच्या सावलीत, स्वेटरांच्या शेजारी पांढराशुभ्र ढीग. अम्मीनं तिला सांगितलं, "बहन, मांगं ठेव थो."

"काहून?" खाला म्हणाली. "चोरी थोडी है?"

अम्मीनं हसून चहा ओतला. काय सांगणार होती ती? की बाई, इथं जे सगळे करतात ते मागच्या खोलीत करतात, म्हणून ते चालतं? खालाला वाटत होतं की आपण या गावासारखे वागलो. तो ढीग तिला अभिमानाचा वाटायचा. ती संध्याकाळी त्यावरची पत्ती वेचून काढायची.

जानेवारीत, बाजाराच्याच दिवशी, व्यापारी मंडळाचे लोक आले. पुढे कापड दुकानवाला शेठ, मंडळाचा अध्यक्ष, मागे पाच-सहा जण आणि सोबत एक हवालदार. शेठनं ढिगाला चपलेचं टोक लावलं.

"हा कापूस कोनाचा?"

खाला म्हणाली, "बाया लाती है. स्वेटर के बदले."

"बायाईचं वावर हाय काय? वावर शेतकऱ्याचं. म्हंजे हा चोरीचा माल." मग हवालदाराकडे वळून, "आन् हे बाहेरदेशातली बाई चोरीचा माल घेते. लिहा."

रांगेतल्या बाया क्षणात पांगल्या. एकच थांबली. तिच्या हातात हिरव्या, पांढऱ्या ठिपक्यांच्या लुगड्याच्या तुकड्यात बांधलेलं गाठोडं होतं. ती म्हणाली, "मजुरीचा हाय माह्या. चोरीचा काहून म्हंता?"

"कोनाच्या वावरातली मजुरी? नाव सांग. बोलावतो त्याले इथं."

ज्यानं रोकड नाही म्हणून कापूस दिला, त्याला भर बाजारात उभं केलं तर उद्यापासून तिला कामावर कोण घेणार? तिनं गाठोडं तिथंच ठेवलं आणि निघून गेली. मी तिथं उभी होते. शेठच्या मागे उभा असलेला किराणावाला माझ्याकडे बघत नव्हता. त्याचं पोतं परवाच आमच्याकडे आलं होतं.

खालाचं काय टांगणीला लागलंय ते मला कळत होतं. ठाण्यात तिच्या नावावर काही लिहिलं गेलं असतं तर तो कागद पुन्हा नवा झाला नसता. मग आमचं गाव काय, कुठलंच गाव नाही. सगळा हिवाळा गेला असता, पुढचे सगळे हिवाळे गेले असते. कोणी मागायच्या आधीच तिनं हात जोडले. शेठपुढे, हवालदारापुढे, मागच्या किराणावाल्यापुढे. "गलती हो गया साहब." तिनं इतक्या पटकन हात जोडले की मला तिचाच राग आला.

तेवढ्यात अब्बा आले. कोणीतरी दुकानात जाऊन सांगितलं होतं. मशीन तसंच टाकून आलेले, पापण्यांवर कापूस. ते शेठला म्हणाले, "शेठ, थो कापूस मीच घेतो. तिचा बी घेतो, तुमचा बी घेतो. मंग चोरीचा कोंचा?"

दोघे-तिघे हसले. शेठही हसला. त्यानं अब्बांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "चाचा, तुम्ही आपले हा. तुमची गोष्ट येगळी." झालं. अब्बांनी एका वाक्यात सगळं उघडं पाडलं होतं, आणि शेठनं खांदा थोपटून ते पुन्हा झाकून टाकलं. हवालदाराला घरी जायची घाई होती. ठरलं असं की तक्रार लिहायची नाही, मेहेरबानी म्हणून. खालानं उद्या दुकान उचलायचं आणि पुन्हा या गावात यायचं नाही. कापूस ज्याचा त्याला परत देण्यासाठी मंडळ ठेवून घेणार. हातगाडी तयारच होती. ढीग पोत्यांत भरून नेला, हिरवं गाठोडंही त्यातच टाकलं.

दुसऱ्या दिवशी खाला माल बांधत होती, अम्मी तिला सुतळी कापून देत होती आणि रडत होती. मी मात्र खालावर ओरडले. "हात काहून जोडले तुम्ही? तुमचं काय चुकलं होतं? ज्याच्या घरात पोतं हाय त्याच्यापुढे हात जोडता?" अम्मीनं मला गप्प बस म्हणून खुणावलं. खालानं गाठ पक्की केली, दातांनी सुतळी तोडली, मग माझ्याकडे पाहिलं.

"तू गुस्सा कर सकती है," ती म्हणाली. "तेरे को कल भी यहीच रहना है."

जाताना तिनं अम्मीला आपला एप्रन दिला आणि मला काही दिलं नाही. तिला माझ्या बोलण्याचं वाईट वाटलं असेल. वाटायलाच पाहिजे होतं. बस सुटली तेव्हाही मी घुश्शातच होते.

आठवड्याभरानं शेठच्या दुकानातला नोकर हातगाडी घेऊन आला. चार पोती. "शेठच्या पोरीचं लगन हाय. गाद्या भराच्या हाय, चाचा. कापूस शेठचाच हाय, निस्ती मजुरी घेजा." अब्बांनी पोती उतरवून घेतली. मी पहिलं पोतं रेच्यापाशी रिकामं करायला घेतलं, तर आतून एक गाठोडं निघालं. हिरवं, पांढऱ्या ठिपक्यांचं, गाठसुद्धा न सुटलेलं.

मी ते अब्बांच्या पुढ्यात ठेवलं. त्यांनी पाहिलं. मग ते मशीनकडे वळले आणि त्यांनी बटण दाबलं.

"अब्बा, नका करू हे काम."

"पोरीच्या लगनाचं काम हाय बेटा. नाई म्हंता येत नाई."

मशीनच्या आवाजात मी काय काय बोलले ते त्यांना ऐकू गेलं नसेल, बरंच झालं. मी ते पोतं ओढत रस्त्यावर आणलं. लोक बघत होते. मुख्य रस्त्यावर, शेठच्या दुकानात, पांढरीशुभ्र गादी अंथरलेली, तिच्यावर गिऱ्हाइकांच्या पुढ्यात लग्नाचे शालू उलगडलेले. मी ते पोतं त्या गादीवर उलटं केलं. कापूस शालूंवर पडला, शेठच्या मांडीवर पडला, तक्क्यावर पडला. हिरवं गाठोडं मी हातात धरून सगळ्यांना दाखवलं आणि विचारलं, "शेठ, याचा मालक सापडला काय?"

एका गिऱ्हाईक बाईनं शालू झटकला. मला वाटलं, आता शेठ उठेल, ओरडेल, मारायला धावेल. मला तेच हवं होतं. तो जागचा हललासुद्धा नाही. त्यानं मांडीवरचा कापूस दोन बोटांनी उचलून बाजूला ठेवला.

तेवढ्यात माझ्यामागे अब्बांचा आवाज आला. धावत आल्यानं त्यांना धाप लागली होती. शेठनं माझ्याकडे पाहिलंच नाही. तो अब्बांना म्हणाला, अगदी सावकाश, घरच्या माणसाशी बोलावं तसं, "चाचा, इतके वर्स झाले, ठेवून घेतलं नं आम्ही तुमाले या गावात?"

ज्या गल्लीत अब्बांचे आजोबा, वडील आणि ते स्वतः जन्मले, त्या गल्लीतल्या माणसाला त्यानं हे विचारलं. मी अब्बांकडे पाहिलं. मला वाटत होतं, आता तरी. आता तरी ते काही बोलतील.

"मेहेरबानी हाय, शेठ," अब्बा म्हणाले.

आणि ते गुडघ्यांवर बसले, शालूंच्या घड्यांमधून कापूस वेचून पोत्यात टाकायला लागले, एकेक धागा, जरीला ओढ बसू नये अशा बेतानं. मी उभी होते. त्यांना खाली नीट दिसत नव्हतं, शालूची एक घडी त्यांच्याकडून राहून गेली. मग मी त्यांच्या शेजारी बसले आणि ती घडी वेचायला लागले.